संध्याकाळी व्यायाम केला की रात्री झोप लागत नाही? व्यायाम सोडण्याआधी हे एकेक तपासून बघा

आमच्या पुण्यातल्या सिंहगड रोडच्या जिमच्या संध्याकाळच्या बॅचमध्ये दर थोड्या दिवसांनी कोणीतरी हाच प्रश्न घेऊन येतं. अंग पार दमलेलं असतं, घरी जाऊन आडवं झालं की झोप लागायला हवी, पण डोळे टक्क उघडे, या कुशीवरून त्या कुशीवर, एक वाजतो, दीड वाजतो, आणि सकाळी सहाला अलार्म असतोच. आणि लगेच पुढचं वाक्य, की मग संध्याकाळचा व्यायाम बंदच करू का?

बंद करू नका. निदान इतर गोष्टी तपासल्याशिवाय तर नाहीच. ज्याला हिंजवडी फेज तीनला नोकरी आहे, सकाळी मुलांचा डबा, रिक्षा, मग कंपनीची बस, आणि संध्याकाळी वाकडच्या ट्रॅफिकमधून घरी यायला आठ वाजतात, त्याला सकाळी पाचला उठून टेकडीवर जा असं सांगणं सोपं असतं, पण तो दोन आठवडे जाईल आणि मग व्यायामच सुटेल. नियमित व्यायाम करणाऱ्यांची झोप एकंदरीत जास्त चांगली असते हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय, त्यामुळे व्यायाम सोडला तर झोप सुधारण्याऐवजी आणखी बिघडण्याचीच शक्यता जास्त. माझा अनुभव असा की दहातल्या बहुतेक लोकांच्या बाबतीत दोष संध्याकाळच्या व्यायामाचा नसतो, त्याच्या मागेपुढे जे चिकटलेलं असतं त्याचा असतो. ते नेमकं काय ते शोधायचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट बघा. ज्या दिवशी व्यायाम करत नाही त्या दिवशी झोप नीट लागते का? सुट्टीच्या दिवशीही दीड वाजेपर्यंत जागेच असाल तर प्रश्न व्यायामाचा नाहीच, तो भाग शेवटी लिहिलाय, सरळ तिकडे जा. आणि व्यायामाच्या दिवशीच त्रास होत असेल तर पुढचं बघा, की सगळ्या व्यायामाच्या दिवशी होतो की फक्त ठरावीक दिवशी, म्हणजे लेग डेला (फक्त पायांच्या व्यायामाचा दिवस), मॅचच्या दिवशी, उशीर झाला त्या दिवशी. आठ-दहा दिवस रोज फक्त चार गोष्टी मोबाईलमध्ये टिपून ठेवा, व्यायाम किती वाजता संपला, किती जोराचा होता, शेवटचा चहा-कॉफी किती वाजता, जेवण किती वाजता. बहुतेकांना यातूनच उत्तर दिसायला लागतं. आणि बदल करताना एका वेळी एकच करा, सगळं एकदम बदललं तर नक्की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आता चहा-कॉफीचं आधी सांगते कारण हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं आणि सगळ्यात सोपं आहे. प्री-वर्कआउट पावडर, म्हणजे व्यायामाआधी तरतरीसाठी घ्यायची पावडर, घेता का? डब्यामागचं लेबल वाचा, बऱ्याच ब्रँडच्या एका स्कूपमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असतं, म्हणजे आपल्या घरच्या चार-पाच कप चहाइतकं एकदम. कॅफिन अर्धं व्हायलाच शरीराला साधारण पाच तास लागतात, कोणाला तीन तर कोणाला सात, म्हणजे सात वाजता २०० घेतलं तर रात्री बाराला तुमच्या रक्तात अजून १०० च्या आसपास फिरतंय. २०१३ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता त्यात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन दिलं तरी लोकांची झोप एक तासापेक्षा जास्त कमी झाली, सहा तास आधी! ज्या बायका गर्भनिरोधक गोळ्या घेतात त्यांच्या शरीरात तर कॅफिन आणखी जास्त वेळ टिकतं, हे जिममध्ये कोणीच सांगत नाही आणि सांगायला पाहिजे. फॅट बर्नरच्या गोळ्यांमध्येही तेच असतं. आणि प्री-वर्कआउट घेत नसाल तरी व्यायाम झाल्यावर ग्रुपने अमृततुल्यवर थांबून चहा होतो ना, तो कटिंग असला तरी गप्पांत दोन-तीन होतात. "मला चहा पिऊन पण झोप लागते" असं म्हणणारे खूप भेटतात, झोप लागते हो, पण ती हलकी होते, आणि मग पहाटे जाग येते. दोन आठवडे दुपारी दोननंतर कॅफिन पूर्ण बंद करून बघा. संध्याकाळी ताकद हवी असेल तर व्यायामाच्या तासभर आधी केळं खा, किंवा गूळ-फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, त्याने काम होतं.

कॅफिन नाहीये किंवा बंद करूनही फरक नाही, मग येतो जोर आणि अंतराचा मुद्दा, आणि इथे जरा सविस्तर लिहिते.

झोप येण्यासाठी शरीराचं आतलं तापमान खाली यावं लागतं. दिवसभरात ते संध्याकाळी सगळ्यात जास्त असतं (म्हणूनच संध्याकाळी अंग मोकळं असतं, वजनं जरा जास्त उचलली जातात) आणि रात्री हळूहळू उतरतं, हातापायाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तळवे गरम होतात आणि तिथून उष्णता बाहेर जाते, मग डोळे जड होतात. जोराचा व्यायाम हे तापमान पुन्हा वर नेतो. शिवाय हृदयाचे ठोके, अॅड्रेनालिन, डोक्यातली उत्तेजना. गॅस बंद केला म्हणून कुकरची वाफ लगेच जात नाही तसंच हे आहे, तुम्ही ट्रेडमिलवरून उतरलात पण शरीर अजून तिथेच आहे, आणि तुम्ही त्याला गादीवर नेऊन झोप म्हणताय.

मग अंतर किती ठेवायचं? यावर दोन मोठी कामं आहेत आणि दोन्ही वाचली की गोंधळ होतो म्हणून समजावून सांगते. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या लोकांनी २०१९ मध्ये २३ अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात निघालं की संध्याकाळच्या व्यायामाने साधारणपणे झोप बिघडत नाही, अपवाद एकच, जोराचा व्यायाम झोपायच्या आधीच्या एका तासात संपला तर. आणि मग २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाचं काम आलं, त्यांनी अंगावर घालायच्या फिटनेस बँडमधून १४,६८९ लोकांच्या जवळपास चाळीस लाख रात्रींची माहिती बघितली, आणि त्यात दिसलं की झोपायच्या चार तासांच्या आत व्यायाम संपला तर झोप उशिरा लागते, कमी होते, रात्री ठोके जास्त राहतात, आणि व्यायाम जितका जोराचा आणि जितका उशिरा तितकं हे जास्त. मग एक तास की चार तास? दोन्ही बरोबर असू शकतं. पहिल्यातले बरेचसे अभ्यास प्रयोगशाळेतले, ठरवून दिलेला व्यायाम, तब्येतीने ठीक असलेली माणसं. दुसरं खऱ्या आयुष्यातलं, जिथे लोक मॅरेथॉनची तयारी करतात, फुटबॉल मॅच खेळतात, त्यानंतर मित्रांबरोबर जेवायला जातात, आणि त्यात नक्की कशामुळे झोप गेली ते वेगळं करता येत नाही. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, की हलक्या व्यायामाने फारसं काही बिघडत नाही.

म्हणून मी बॅचमध्ये असं सांगते. झोपायची वेळ आधी ठरवा आणि उलटं मोजा. साडेअकराला झोपत असाल तर जोराचा व्यायाम जमल्यास साडेसात-आठला संपवा, अगदी नाहीच जमलं तर साडेनऊ, त्यापुढे जोर नाही. त्यानंतर जे करायचं ते हलकं. आता व्यायाम किती जोराचा आहे हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बोलणं, व्यायाम करताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर मध्यम, दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागत असेल तर जोराचा. घड्याळ वापरत असाल तर २२० वजा वय हा ढोबळ हिशोब घ्या, चाळिशीतल्या माणसाला १८० येतात, त्यात साधारण १४० च्या वर ठोके गेले की जोराचं समजा. आयुर्वेदात अर्ध्या शक्तीने व्यायाम करायला सांगितलंय ते उशिराच्या व्यायामाला अगदी लागू पडतं.

यात आणखी एक, सेशनचा क्रम. बऱ्याच जिममध्ये पद्धत अशी आहे की आधी वजनं आणि शेवटी दहा मिनिटं बर्पी, स्प्रिंट, दोरीउड्या, सगळं पिळून काढायचं आणि घरी जायचं. संध्याकाळी उशिराच्या बॅचला हे उलटं करा, जे सगळ्यात जोराचं ते वॉर्म-अप झाल्या झाल्या, आणि शेवट हळू. शेवटची दहा मिनिटं नुसतं चालायचं, मग जमिनीवर पाठ टेकून पाय भिंतीला वर, श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. लोक हे टाळतात, गाडीची चावी काढतात आणि निघतात. कृपा करून टाळू नका, यानेच कितीतरी जणांचा प्रश्न सुटलाय. लेग डे आणि एचआयआयटी (थोडा वेळ पूर्ण जोर, थोडा वेळ विश्रांती असा आलटून-पालटून व्यायाम) शनिवार-रविवार सकाळी ठेवा, तेव्हा तळजाई आहे, एआरएआयची टेकडी आहे, पर्वती आहे, वेळ पण असतो. तालमीतले पैलवान संध्याकाळीही भरपूर मेहनत करतात आणि गाढ झोपतात, पण त्यांची मेहनत दिवेलागणीपर्यंत आटोपलेली असते, आपली नऊला सुरू होते, फरक तिथे आहे.

आता ज्यांच्या हातात वेळच नाही त्यांचं काय, म्हणजे बॅडमिंटनचा कोर्ट नऊ ते दहाच मिळतो, किंवा बॉक्स क्रिकेटचं टर्फ दहा ते बारा. इथे त्रास दुप्पट असतो कारण नुसतं अंग तापत नाही, डोकंही तापतं, हरलेला पॉइंट घरी येऊन पण चालूच असतो, शिवाय टर्फवरचे ते पांढरे फ्लडलाईट डोळ्यावर. मेलाटोनिन नावाचं जे संप्रेरक आहे ते आपल्या नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी वाढायला लागतं आणि प्रखर प्रकाशात ते दबतं. अशा दिवशी घरी आल्या आल्या झोपायचा हट्ट धरू नका, तासभर तरी मध्ये जाऊ द्या, घरातल्या ट्यूबलाईट बंद करून छोटा दिवा ठेवा, मॅचची चर्चा ग्रुपवर उद्या करा. आठवड्यातून एखाददुसरी अशी रात्र झाली तर शरीर सांभाळून घेतं, रोज नाही. आणि मॅचनंतर बिअर घेऊन झोप लवकर लागते असं वाटतं ते फसवं आहे, दारूने डोळा लवकर लागतो पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटत राहते.

ढोल-ताशा पथकवाल्यांना वेगळं सांगायला हवं, कारण गणपतीच्या आधीचे महिना-दीड महिना नदीपात्रात संध्याकाळचा सराव सुरू झाला की आमच्याकडे झोपेच्या तक्रारी वाढतातच. कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवणं हा पूर्ण अंगाचा व्यायाम आहे हे आधी मान्य करा, त्या दिवशी परत जिमला जाऊ नका. कानात इअरप्लग घालाच, नुसतं बहिरेपण टाळायला नाही, कान गुणगुणत असतील तर शांत खोलीत ते जास्त जाणवतं आणि झोप लागत नाही. आणि सराव संपल्यावर वडापाव आणि चहा, त्यातला चहा सोडा.

वडापाववरून जेवण. रात्री दहाला जिममधून आल्यावर प्रचंड भूक, मग चार पोळ्या, भाजी, भात, वर चिकन, आणि अर्ध्या तासात आडवं. पोट भरलेलं, छातीत जळजळ, आंबट ढेकर, आणि नाव मात्र व्यायामाचं. उलट्या बाजूचे पण असतात, वजन कमी करायचं म्हणून व्यायामानंतर नुसतं सूप पिऊन झोपतात आणि पहाटे तीनला भुकेने जाग. दोघांनाही एकच उपाय, जेवण दोन भागांत करा. ऑफिसमधून निघताना साडेसहाच्या सुमारास नीट काहीतरी खा, डब्यात दुसरी भाजी-पोळी न्या, उसळ न्या, आणि व्यायामानंतर थोडंसंच, मुगाची खिचडी, भाकरी आणि आमटी, दही-भात, अंडी खात असाल तर दोन अंडी. तळलेलं आणि तिखट रस्सा दुपारी. पाणी पण दिवसभर प्या, रात्री एकदम लिटरभर प्यायलात तर लघवीला उठावंच लागणार, मग झोप मोडली म्हणून परत व्यायामाला दोष.

आंघोळीबद्दल खूप गैरसमज आहे. अंग तापलंय म्हणून बर्फासारख्या गार पाण्याने आंघोळ करतात, त्याने तरतरी येते, जी आत्ता नकोय. कोमट किंवा जरा गरम पाणी घ्या. ऐकायला उलटं वाटतं पण कारण वर सांगितलं तेच, गरम पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. टेक्सासमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा झोपायच्या एक-दोन तास आधी ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटं अंघोळ केली तर झोप लवकर लागते असं निघालं. फक्त जिममधून आल्या आल्या नको, घाम सुकू द्या, पंधरा-वीस मिनिटं बसा. एप्रिल-मे मध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्रीपर्यंत गरमी सोडत असतो, तेव्हा खोली आधीच गार करून ठेवा, संध्याकाळी खिडक्या उघडा, सुती चादर, पंखा. त्या दोन महिन्यांत उशिराचा जोराचा व्यायाम खरंच कमी करा, बाकी काही केलं नाही तरी चालेल.

एवढं करूनही एखाद्या रात्री झोप नाही आली तर पलंगावर लोळत राहू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटलं (घड्याळ न बघता) की उठा, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणं वाचा, कपड्यांच्या घड्या घाला, झोप आली की परत या. मोबाईल नको. रोज तासन् तास पलंगावर जागं राहिलं की शरीराला पलंग म्हणजे जागरण अशी सवय लागते, आणि ही सवय मूळ कारण गेल्यावरही टिकते. दुसऱ्या दिवशी नेहमीच्याच वेळेला उठा. दुपारी वामकुक्षी हवीच असेल तर वीस मिनिटं, तीनच्या आत. स्मार्टवॉचचा स्लीप स्कोअर सकाळी उठल्या उठल्या बघायचं बंद करा, ते अंदाज बांधतं, आणि कमी आकडा दिसला की दिवसभर तुम्ही स्वतःला दमलेलं समजता, मग रात्री झोपेची धास्ती. आधी अंगाला विचारा कसं वाटतंय.

काहींच्या बाबतीत झोप चांगली लागते पण रोज थोडी थोडी उशिरा सरकत जाते, अकराची बारा, बाराची एक. हे शरीराच्या घड्याळाचं काम आहे. २०१९ मधल्याच एका अमेरिकन प्रयोगात सकाळी सातला किंवा दुपारी एक ते चारमध्ये व्यायाम केलेल्यांचं हे घड्याळ पुढच्या दिवशी लवकरकडे सरकलं आणि संध्याकाळी सात ते दहामध्ये केलेल्यांचं उशिराकडे. तुमची तक्रार अशी असेल तर सकाळी उठल्यावर अर्धा तास बाहेरच्या उजेडात या, गच्चीत चहा प्या, बसस्टॉपपर्यंत चालत जा, आणि रविवारी अकरापर्यंत झोपू नका. रविवारची ती झोप त्याच रात्री वसूल होते. अमेरिकन शिफ्ट करणाऱ्यांनी यातल्या सगळ्या वेळा आपल्या झोपेपासून उलट्या मोजायच्या, पहाटे चारला झोपत असाल तर रात्री नऊचा व्यायाम तुमच्यासाठी उशिराचा नाहीच.

आता ज्यांना सुट्टीच्या दिवशी पण झोप येत नाही, किंवा वरचं सगळं तीन-चार आठवडे नीट करूनही फरक नाही त्यांच्यासाठी. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजा, ती नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी रोज जास्त येत असेल, वजनं उचलवत नसतील, चिडचिड होत असेल तर व्यायाम जास्त होतोय, आठवडाभर अर्ध्यावर आणा. रात्री पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असं होत असेल तर रक्तातलं लोह तपासून घ्या, हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) वेगळं बघायला सांगा, बायकांमध्ये हे बरंच असतं आणि "दमली असशील" म्हणून सोडून दिलं जातं. घरचे सांगत असतील की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबतो, तर ते स्लीप अॅप्निया असू शकतं, त्यावर तपासणी आहे आणि उपचारही आहेत. थायरॉइडच्या गोळीचा डोस, दम्याचा पंप, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही झोप उडते, पण स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री असं तीन महिने चाललं असेल तर तो निद्रानाश, त्यावर सीबीटी-आय नावाची पद्धत आहे ज्यात गोळ्यांशिवाय सवयी आणि विचारांवर काम करतात, मेडिकलमधून ओळखीने झोपेच्या गोळ्या आणण्यापेक्षा त्याबद्दल विचारा. आणि व्यायाम करताना छातीत दुखत असेल, दाब येत असेल, चक्कर येऊन डोळ्यापुढे अंधारी येत असेल किंवा ठोके वेडेवाकडे पडत असतील तर हे वरचं काहीच करत बसू नका, व्यायाम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, दुखणं थांबत नसेल तर सरळ १०८ ला फोन.